शेत नसलेल्यांची सुगी

दिवाळी सरली की आमच्या बावड्याच्या रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू होतात. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर कर्ण्यावर गाणी, आणि खड्ड्यात चाक गेलं की सगळा भार एका अंगाला कलतो. दुपारी कुठंतरी पाचट पेटवतात. त्याची काळी राख उडत येऊन वाळत घातलेल्या सदऱ्यांवर बसते. संध्याकाळी हवेत मळीचा आंबूस वास असतो. या दिवसांत मी रस्त्याकडची खिडकी लावून घेतो.

"काका, थंडीतसुद्धा घर गुदमरतंय की वो तुमचं," शेजारच्या वहिनी म्हणतात. "उघडा की जरा."

"धुराचा त्रास होतो," मी सांगतो.

ते खोटं आहे. धुराचा मला काही त्रास नाही. त्रास आहे तो एका सुगीचा, आणि तिच्याबद्दल बोलायचं मी आजवर टाळत आलो. बायकोला अर्धं सांगितलं. चर्चच्या एका पाळकांना गोलमोल सांगितलं. देवाला सगळं सांगितलं, कारण त्याला ते आधीच माहीत होतं. जिला सांगायला हवं होतं तिला नाही सांगितलं.

गेल्या रविवारी नवे पाळक घरी आले. वयानं माझे नातू शोभतील. चहा पीत म्हणाले, "काका, यंदा सुगीच्या सणाला तुमची साक्ष ठेवलीय. मंडळीत सगळ्यात जुने तुम्हीच." मी हो म्हणालो नाही आणि नाहीही म्हणालो नाही. ते गेल्यावर कप तसाच हातात धरून बसून राहिलो. साक्ष हा शब्द मी फार वर्षांत उच्चारलेला नाही. म्हणून हे आधी कागदावर लिहून काढतोय.

हे आमचं गाव नदीकाठचं, कोल्हापुरातून सायकलनं जाता येईल इतकं जवळ. गावात ख्रिस्ती घरं मोजकी आणि चर्च कौलारू, शाळेच्या खोलीएवढं. सुगीच्या सणाला दाराच्या दोन्ही बाजूंना शेंड्यासकट ऊस बांधायचे. पुढच्या टेबलावर जोंधळ्याची कणसं, लाल भोपळे, गुळाचे रवे, अंडी, पाय बांधलेली एखादी कोंबडी. उपासना झाली की लिलाव. एकानं कोंबडी घ्यायची, परत दान करायची, मग दुसऱ्यानं बोली लावायची. "आरं, तिला जरा दम खाऊ दे की," असं मागून कुणीतरी म्हणायचं आणि सगळं चर्च हसायचं. नव्या गुळाचा, ओल्या पाल्याचा आणि कोंबडीच्या पिसांचा मिळून एक वास असायचा. लहानपणी मला वाटायचं, स्वर्गात असाच वास असणार.

ज्याला शेत नाही त्यानं साक्ष आणावी, अशी आमच्याकडं रीत होती. वर्षभरात देवानं आपल्यासाठी काय केलं ते पुढं उभं राहून सांगायचं. तेच त्याचं पीक. आमच्या घराला शेत नव्हतं. वडील शाळेत शिपाई होते, ते दरवर्षी उभं राहून एकच सांगायचे, की पोरं धडधाकट आहेत. लोक आमेन म्हणायचे आणि नजर परत भोपळ्यांकडं जायची. मोठा झालो, शिरोलीच्या एका फौंड्रीत लागलो, मंडळीचा पंच झालो, शुक्रवारची प्रार्थनासभा चालवू लागलो. पण टेबलाकडं रिकाम्या हातानं जाण्याची लाज गेली नाही. आपल्याकडंही एकदा असं पीक यावं, की लोक बघत राहतील, असं मला वाटायचं. हे मी कुणाला बोललो नव्हतो.

एस्तू माझ्या पाठची बहीण. एस्तेर हे नाव कुणी पुरतं उच्चारलं असेल तर ते बाप्तिस्म्याच्या दिवशीच. तिला गडहिंग्लजकडं दिली होती. तिथं तिची मुलगी शांता तापानं गेली. नुकती कुठं चालायला लागली होती. नवरा एस्तूला आमच्या दारात सोडून गेला, जरा हवापालट होऊ दे म्हणाला, आणि परत आला नाही.

ती जेवायची नाही. वेणी घालायची नाही. ओसरीवर बसली की सावली सरकून ऊन अंगावर आलं तरी जागची हलायची नाही. माझी बायको मार्था तिला हाताला धरून सावलीत नेऊन बसवायची, एखादं भांडं उचलून ठेवावं तशी.

घरामागं गणूतात्यांचं गुऱ्हाळ होतं. त्या हंगामात ते पेटलं आणि एस्तू चुलवाणाजवळ जाऊन बसायला लागली. मोठ्या काहिलीत रस उकळायचा, गुळव्या वरची मळी काढून टाकायचा, आणि ती तिथं डोळे लावून बसायची. तात्या तिला काही विचारायचे नाहीत. उसाच्या रसाचा तांब्या तिच्यापाशी ठेवून पुढं जायचे. कुणी काही बोललं तर म्हणायचे, "बसू दे की तिला. तुमच्या काय डोक्यावर बसलीया?"

तिथंच एकदा मला एकानं गाठलं. "काय पंच, दुसऱ्याच्या घरी जाऊन पारथना करतासा. घरातल्या बाईचं रडं थांबंना व्हय तुमच्या देवाला?"

रस पीत बसलेले सगळे हसले. मीही हसलो. पण घरी येताना कान तापले होते. त्या दिवसापासून एस्तूचं दुःख मला तिचं वाटेनासं झालं. ती माझी बेअब्रू वाटू लागली.

मिरजेच्या डॉक्टरांनी तिला गोळ्या दिल्या होत्या. त्यांनी ती झोपू लागली. दुपारी चर्च झाडायला म्हणून जायची आणि तिथंच बसून राहायची. एकदा मी शोधत गेलो तर आतून मोठ्यानं बोलणं ऐकू आलं. "आधी सांगाय काय झालतं तुला? मी काय वाकडं केलतं तुझं?" मला वाटलं, नवरा आला असेल. आत कुणी नव्हतं. ती वेदीकडं तोंड करून, हातात झाडू घेऊन, देवाशी भांडत होती. मी आवाज न करता मागं फिरलो, कारण मला ते लाजिरवाणं वाटलं. त्या संध्याकाळी तिनं मार्थाकडून भाकरी मागून घेतली.

आज वाटतं, आमच्या चर्चमध्ये त्या वर्षी झालेली खरी प्रार्थना तेवढीच. तिचं बरं होणं तिथं, त्या झाडूच्या आवाजात सुरू झालं होतं. मी थोडा दम धरायला हवा होता. पण सण तोंडावर आला होता.

"एस्तू, सणाला तुझी साक्ष ठेवूया," मी म्हणालो.

"कशाची?"

"बरी झालीस की."

"बरी कुठं? जरा जेवतोय, एवढंच."

"तेच सांगायचं. आणि त्या गोळ्या आता बंद कर. गोळ्या खाऊन देवानं बरं केलं असं कसं म्हणायचं? लोक विचारतील."

ती मग म्हणाली, "गोळी बी त्यानंच दिली म्हणायचं की, दादा."

मी हसलो, आणि गोळ्यांची डबी उचलून स्वतःच्या खिशात घातली.

सणाला ती मार्थाचं पांढरं लुगडं नेसून उभी राहिली. आवाज बारीक होता, पण सगळ्यांना ऐकू जात होता. शांताचा ताप, रात्रभर चाललेली बैलगाडी, आणि मग इथं आल्यावर देवानं कसं उचललं. बायका पदर तोंडाला लावून रडल्या. म्हाताऱ्यांनी माझे हात हातात घेतले. त्या दिवशी कुणाचा गूळ आला, कोंबडी कुणी घेतली, मला काही आठवत नाही. टेबलाकडं कुणी बघतच नव्हतं. मी माझ्या बहिणीचं मेलेलं लेकरू तिथं मांडलं होतं आणि माझी मान ताठ झाली होती.

मग बोलावणी येऊ लागली. निपाणी, जयसिंगपूर, सासरची आठवण नको म्हणत असतानाही गडहिंग्लज. ऊसतोड चालू होती तोवर दर रविवारी मी तिला एसटीत बसवून कुठं ना कुठं नेली. वाटेत तिला शिकवायचो. "लेकरू गेलं म्हणतीस तिथं जरा थांब. लोकांना डोळे पुसाय वेळ दे." हे वाक्य मी लिहून काढलंय आणि खोडलेलं नाही, कारण ते मी खरंच बोललो आहे.

फौंड्रीत माझं काम तपासणीचं. ओतून निघालेल्या कास्टिंगवर हातोडी मारायची आणि आवाज ऐकायचा. वरून कितीही गुळगुळीत असो, आत पोकळी असली तर आवाज बसका येतो. एस्तूचा आवाज त्या दिवसांत बसत चालला होता. मला कळलं नाही असं म्हणायची मला सोय नाही.

निपाणीहून परत येताना ती म्हणाली, "दादा, परत तसंच व्हाय लागलंय. सकाळी उठावंच वाटंना."

मी खिडकीबाहेर बघत होतो. शेताच्या कडेला तोडकऱ्यांच्या झोपड्यांमधून धूर वर चालला होता. म्हणालो, "असं आता बोलायचं न्हाय. लोकांनी साक्ष ऐकलीया. देवाला खोटं पाडतीस व्हय?"

ती कोल्हापूर येईपर्यंत पुढच्या बाकाची दांडी धरून बसली होती.

इचलकरंजीची सभा एका यंत्रमागाच्या शेडशेजारच्या खोलीत होती. भिंतीपलीकडं मागांचा खटखटाट, त्यामुळं सगळ्यांनाच ओरडून बोलावं लागायचं. पाळी संपवून आलेले लोक, केसांवर कापसाची धूळ तशीच. एस्तूनं नेहमीसारखी सुरुवात केली. ताप, बैलगाडी. जिथं मी थांबायला शिकवलं होतं तिथं ती थांबली, आणि थांबूनच राहिली. मग म्हणाली, "ह्याच्या म्होरलं खरं न्हाय. मी बरी झालेली न्हाय. मी गोळ्या सोडल्या आन् मला परत मरावंसं वाटाय लागलंय. टाळ्या वाजवू नका. माझ्यासाठी पारथना करा."

माग चालूच होते. पुढच्या रांगेत एक वयस्क बाई होती, मागावरच काम करणारी. ती उठली. एस्तूकडं जाण्यासाठी तिनं हात पुढं केलेला मला दिसला. पण त्याआधी मी उभा राहिलो. हात वर केले आणि मोठ्यानं म्हणालो, "बंधुभगिनींनो, आमच्या बहिणीवर सैतानानं हल्ला केलाय. हिची श्रद्धा डळमळलीय. आपण त्या दुष्टाला बांधूया."

सगळ्यांनी डोळे मिटले. ती बाई खाली बसली. मी बराच वेळ प्रार्थना केली. माझ्या आवाजात जोर होता. डोळे उघडले तेव्हा एस्तू माझ्याकडं बघत होती. ती रडत नव्हती.

आमच्या आईच्या नात्यातली रत्नामावशी सभेला आली होती. मिरजेत नर्स, एकटीच राहायची. बाहेर आल्यावर तिनं एस्तूचा दंड धरला. "पोरीला मी नेतो."

"कशाला, मावशी? घरी हाय की सगळं."

"तुझी पारथना झाली न्हवं? मग तुझं काम संपलं," ती म्हणाली आणि माझ्यासमोर हात पसरला. "तिच्या गोळ्या दे."

डबी माझ्या खिशातच होती. त्या सगळ्या आठवड्यांत मी ती टाकून दिली नव्हती. का, ते मला आजही सांगता येत नाही.

एस्तू मिरजेतच राहिली. मुलींच्या एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लागली. तिथं ती कशी सावरली ते मला फार नंतर तिच्याच तोंडून कळलं. मावशी सकाळी चहाबरोबर गोळी द्यायची, मग दोघी जमिनीवर बसायच्या. मावशीनं एकच सांगितलं होतं, की देवाला गोड लावून काही सांगायचं नाही. "सगळं वाईटच असलं तर?" एस्तूनं विचारलं होतं. "मग वाईटच सांग. त्याला काय ऐकायची सवय न्हाय व्हय?" अशी वर्षं गेली. केव्हा सुटका झाली, ते तिला दिवस दाखवून सांगता यायचं नाही. एकदा पोळ्या लाटताना आपण गुणगुणतोय असं तिच्या लक्षात आलं, एवढंच. शांताच्या वाढदिवसाला ती दरवर्षी रडायची, आणि मग उठून पोरींना शिरा करून घालायची.

इकडं इचलकरंजीची गोष्ट मात्र वाढत गेली. श्रद्धा सोडली की काय होतं, याचा दाखला म्हणून उपदेशात तिचं नाव येऊ लागलं. मी पुढच्या बाकावर बसून ऐकायचो. एकदा मी स्वतःही तो दाखला दिला. आम्ही दोघं लग्नाकार्यात भेटायचो, सलाम करायचो, ती माझ्या मुलाबाळांची विचारपूस करायची. त्यापलीकडं मी कधी गेलो नाही.

मग मार्था गेली, आणि मी ओसरीवरची एस्तू झालो. मुलगा पुण्याहून रोज फोन करायचा. मी बरा आहे म्हणायचो आणि फोन ठेवून भिंतीकडं बघत बसायचो. अंगातला सदरा बदलावासा वाटेना. प्रार्थनेला बसलो की तोंडात पंचाची भाषा यायची, स्तुती, उपकार, गौरव, आणि ते शब्द वाळल्या पाचटासारखे अंगाला टोचायचे. कुणाला सांगणार? आयुष्यभर लोकांना दुःख झाकायला शिकवलेला माणूस मी. एका संध्याकाळी पंचगंगेच्या पुलावर जाऊन उभा राहिलो होतो. खाली पाणी संथ होतं. ओळखीचा एक दूधवाला गाडी थांबवून म्हणाला, "काका, सोडू का घराकडं?" म्हणून घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दारात एस्तू. हातात कापडी पिशवी. मुलानं तिला फोन केला होता. पिकले केस, जाड भिंगांचा चष्मा. तिनं मला एकदाच नीट बघितलं आणि म्हणाली, "आंघोळ कर. मग डॉक्टरकडं जाऊया."

"मला काय झालंय?"

"मला झालतं तेच."

ती महिनोन् महिने राहिली. सकाळी गोळी हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत समोर उभी राहायची. "गोळीचं आन् देवाचं भांडण न्हाय, दादा. घे." दुपारी मेथी निवडता निवडता विचारायची, "आज कसं वाटतंय?" मी बरं म्हणालो तर निवडणं थांबवून बघत राहायची. पुढं पुढं मी वाईट म्हणायला शिकलो. मग ती, आपण हवापाण्याचं सांगावं इतक्या सहज म्हणायची, "ऐकलंस न्हवं, देवा? दादाला आज वाईट वाटतंय." एवढीच तिची प्रार्थना. बरं कर असंही नाही.

मी एकदा म्हणालो, "इतकी वर्षं विश्वासात काढली आणि आतून हा असा फाटलेला. देवाला काय वाटत असेल?"

"कबरंतनं उठला तरी हाताला खिळ्यांची भोकं होतीच न्हवं त्याच्या?" ती जुडीची देठं खुडत म्हणाली. "ती दाखवाय त्याला लाज वाटली न्हाय. तुलाच कशाची वाटती एवढी?"

त्या दुपारी ती बाजारात गेली आणि मी आतली कडी लावून पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. मार्थाशिवाय मला नको झालंय, आणि तू कुठं आहेस ते मला कळत नाही, असं त्याला सांगितलं. रडलो. काही प्रकाश वगैरे दिसला नाही. पण मी एकटाच बोलत नव्हतो, एवढं मला त्या खोलीत जाणवलं, आणि ते जाणवणं पुन्हा पुरतं गेलेलं नाही. रात्री भाकरीला चव लागली. देवानं मला बरं केलं, आणि ते त्यानं जिच्या हातून केलं तिचंच बरं होणं मी मोडून टाकलं होतं. त्या दिवसापासून माझं दुःख हलकं होत गेलं आणि हे ओझं जड होत गेलं.

गेल्या वर्षी याच दिवसांत तिचं हृदय थकलं. मिरजेच्या दवाखान्यात मी तिच्या उशाशी होतो. बाहेर ट्रॉल्यांचा आवाज चालू होता. ती पडल्या पडल्या संत्रं सोलत होती, मला देण्यासाठी. मी सगळं बळ एकवटून म्हणालो, "एस्तू, इचलकरंजीला त्या दिवशी…"

तिनं संत्रं बाजूला ठेवलं. चष्मा नीट केला. माझ्याकडं बघत राहिली. तिच्या तोंडावर असं काही उमटलं, की मला कळलं, ही या वाक्याची वाट बघत होती. घाई नव्हती तिला. इतकी वर्षं थांबली होती, आणखी थोडी थांबली असती.

मी म्हणालो, "त्या दिवशी स्टँडवरचा चहा लई चांगला होता."

ती तशीच बघत राहिली. मग म्हणाली, "व्हय. चांगला होता." आणि संत्रं परत हातात घेतलं.

त्याच आठवड्यात ती गेली. मातीच्या वेळी इचलकरंजीच्या मंडळीचे एक जुने सेवक माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "शेवटी परत विश्वासात आली म्हणायची, नाही का?" आणि मी मान हलवली. तिच्या शवपेटीसमोर उभा राहून मी मान हलवली.

ती कधी गेलीच नव्हती विश्वासातून. त्या खोलीत त्या दिवशी देवावर भरवसा असलेली ती एकटी होती, म्हणून तिला खरं बोलता आलं. माझा भरवसा लोकांच्या टाळ्यांवर होता. ज्यांनी ज्यांनी तो दाखला ऐकलाय त्यांना हे कळू दे. देवाकडं मी माफी मागितली आहे आणि ती मिळालीही आहे. त्याच्याकडं मागणं सोपं पडलं, तो काही चष्मा नीट करून समोर बसला नव्हता. तिच्याकडं मागायला मला थोडेच शब्द लागले असते, आणि ते मला तेव्हाही पाठ होते.

एस्तू, त्या दिवशी तू खरं बोललीस आणि मी तुला खोटं पाडलं. तुझी श्रद्धा कमी नव्हती. माझं चुकलं, बाई. मला माफ कर.